रोजचं गिऱ्हाईक, पाहुण्याचं ताट

शिवनेरीच्या डोंगरात कोरलेल्या लेण्यांपैकी एका लेण्यात ब्राह्मी लिपीतली एक छोटी ओळ आहे. 'गत' म्हणवणाऱ्या लोकांपैकी चिट नावाच्या यवनानं संघाला भोजनमंडप दान दिला, एवढीच नोंद. जुन्नर परिसरातल्या लेण्यांत यवन दात्यांचे आणखीही लेख आहेत. इरिल नावाच्या एकानं पाण्याची दोन टाकी खोदून दिली, चंद नावाच्या दुसऱ्यानं लेण्याचा दर्शनी भाग करून दिला, आणि या चिटानं जेवणाची सोय पाहिली. कोकणातल्या बंदरांत उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरात यायचा. त्याच वाटेनं ही माणसं आली असावीत. ते ग्रीक होते की आणखी कुठले, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. परगावी माणसाची खरी अडचण पाणी आणि जेवण हीच असते, हे मात्र त्यांना पक्कं ठाऊक होतं.

यंदा संपादकांनी विषय दिला तो उलट्या दिशेचा. आपली माणसं युरोपात फिरायला निघतात, पैसे मोजून-मापून नेतात. तर तिथलं अस्सल जेवण त्यांना परवडावं कसं? पॅरिस-माद्रिदच्या गप्पा माहितीपुस्तकांतून भरपूर मिळतात. पण स्वस्त आणि स्थानिक जेवण नेमकं कुठं शिजतं, ते कुणामुळे टिकतं आणि पाहुण्याच्या वाट्याला ते कसं येतं, हे पाहायला जुन्नर तालुक्यातलं ओतूर बरं. कल्याण-नगर महामार्ग गावाला लागून जातो. पश्चिमेला माळशेज घाट, पूर्वेला आळेफाटा. गावात कांद्याचा मोठा बाजार, कॉलेज, एसटी स्टँड, मांडवीकाठी कपर्दिकेश्वराचं देऊळ आणि तुकोबांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी. म्हणजे व्यापारी, विद्यार्थी, ड्रायव्हर, वारकरी आणि पावसाळी पर्यटक, असे सगळ्या तऱ्हेचे भुकेले लोक इथं रोज येतात.

तीन ग्रेव्ह्या आणि बारा पानी कार्ड

माळशेज चढून घाटमाथ्यावर आलं की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हॉटेलांच्या पाट्या सुरू होतात. 'फॅमिली गार्डन', 'शुद्ध शाकाहारी', 'चुलीवरचं मटण', 'एसी हॉल'. आत बसलं की प्लॅस्टिकचं आवरण घातलेलं कार्ड येतं. पनीर बटर मसाला, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, शेजवान राइस, हाका नूडल्स. हेच कार्ड नाशिक रस्त्यावर, हेच नगर रस्त्यावर, हेच कल्याणला घराखालच्या हॉटेलात. चार तास गाडी चालवून आलेलं कुटुंब घरापाशी मिळणाराच पदार्थ मागवतं आणि बिल आलं की 'पर्यटनस्थळ म्हणून लुटतात' असं म्हणतं.

त्यात हॉटेलवाल्याचा दोष थोडाच. त्याचं गणित साधं आहे. सकाळी लाल, पांढरी आणि पिवळी अशा तीन ग्रेव्ह्या करून ठेवल्या की त्यांच्या जोरावर कार्डावरचे पन्नास-साठ पदार्थ दहा मिनिटांत टेबलावर येतात. गिऱ्हाईक आलं नाही तर ग्रेव्ही फ्रीजमध्ये जाते, नुकसान होत नाही. शेंगोळ्यांचं तसं नाही. हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे वळायचे, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवायचे, आणि ते त्या दिवशीच संपले पाहिजेत. किती माणसं येणार हे आधी माहीत असेल तरच असा पदार्थ धंद्यात बसतो. वाटसरूंचा भरवसा नाही. कधी रविवारी दोनशे, कधी मंगळवारी दोन. म्हणून वाटसरूंवर चालणाऱ्या हॉटेलात कार्ड लांबलचक असतं, आणि रोजच्या माणसांवर चालणाऱ्या खानावळीत कार्डच नसतं.

हा फरक एकदा डोळ्यांत बसला की तो रोमच्या चौकातही दिसतो. प्रसिद्ध कारंज्याभोवतीच्या हॉटेलांबाहेर पाच भाषांतलं, फोटोंसह छापलेलं कार्ड आणि आत बोलावणारा माणूस. दोन गल्ल्या सोडून आत गेलं की खडूनं लिहिलेला फळा, त्यावर चार-पाच ओळी, त्याही फक्त इटालियनमध्ये. बार्सिलोनाच्या पर्यटकी रस्त्यांवर कंपनीतून गोठवून आलेल्या पाएयाची छापील पोस्टरं झळकत असतात. शेजवान राइसचा तो स्पॅनिश भाऊच.

कांद्याच्या दिवशी

ओतूरचं रोजचं जेवण पाहायचं तर बाजाराच्या दिवशी यावं. जुन्नर बाजार समितीच्या इथल्या उपबाजारात लिलाव असला की पहाटेपासून पिकअप आणि ट्रॅक्टर रांगेत लागतात. कांदा उतरतो, गोणी फुटते, भाव पुकारला जातो. शेतकरी घरून चहा पिऊन निघालेला असतो, हमाल त्याच्याही आधी. दहाच्या सुमाराला सगळ्यांना एकदम भूक लागते आणि बाजाराभोवतीच्या टपऱ्या-हॉटेलांची परीक्षा सुरू होते.

आधी मिसळ. प्लेटमध्ये मटकीची उसळ, वर मूठभर फरसाण, चिरलेला कांदा, लिंबाची फोड, आणि रस्सा वेगळ्या वाटीत. 'रस्सा दे रे' अशी हाक आली की पोऱ्या वाटी बघत नाही, सरळ ओततो. रश्शाला पैसे नाहीत, जादा पावाला आहेत, जादा फरसाणाला तर आहेतच. बाहेरच्याला हा दिलदारपणा वाटतो. खरं तर तो हिशोब आहे. रस्सा म्हणजे कांदा-खोबऱ्याचं वाटण, मसाला, तेल आणि पुष्कळ पाणी. एका पातेल्यात शंभर माणसांचा रस्सा होतो. तो मोकळ्या हातानं दिला की माणूस आणखी दोन पाव मागतो आणि पोट भरून उठतो. हमालाला शंभराच्या आत पोटभर मिळालं पाहिजे, नाही तर उद्या तो समोरच्या टपरीवर. सगळी किंमत त्या हमालाच्या खिशावर बेतलेली असते; मुंबईहून आलेल्या बाइकस्वाराला त्याच दरात खायला मिळतं ते केवळ हमालामुळे.

स्पेनमध्ये हीच गोष्ट कायद्यानं घडली. १९६० च्या दशकात फ्रँकोच्या राजवटीत मान्वेल फ्रागा हे माहिती व पर्यटन मंत्री होते. परदेशी पाहुण्यांना ठरावीक दरात पूर्ण जेवण मिळावं म्हणून त्यांच्या खात्यानं हॉटेलांना एक बांधील ताट ठेवायला लावलं. पाहुण्यांसाठी आणलेलं ते ताट पुढे स्पॅनिश कामगारांनी आणि कारकुनांनीच आपलंसं केलं. आज 'मेनू देल दिया' म्हणजे दुपारचं जेवण: पहिला पदार्थ, दुसरा पदार्थ, पाव, पेय, शेवटी गोड किंवा कॉफी, सगळं एका किमतीत. मात्र ते मिळतं कामाच्या दिवशी, दुपारी, साधारण दीड ते साडेतीनच्या दरम्यान. रात्री त्याच टेबलावर तेच पदार्थ सुटे मागवले की बिल दुप्पट होऊ शकतं. आपल्याकडचे प्रवासी दुपारी सँडविचवर भागवतात आणि रात्री 'चांगल्या हॉटेलात' जातात. थोड्या पैशांत फिरणाऱ्यानं नेमकं याच्या उलट करावं.

ओतूरलाही वेळेचं तसंच आहे. बाराला खानावळीत गरम भाकरी, सुकी भाजी, आमटी, भात असं सगळं मिळतं. अडीच वाजता भात संपलेला असतो. साडेतीनला गेलेल्या माणसाला गल्ल्यावरून उत्तर मिळतं, 'शेवभाजी करून देतो, बसा.'

पास आणि पाहुणा

गावातल्या अण्णासाहेब वाघिरे महाविद्यालयात आसपासच्या वाड्या-वस्त्यांतून मुलं येतात. कॉलेजगाव म्हटलं की मेस आलीच. मेसचं तंत्र पुणे काय नि ओतूर काय, एकच: महिन्याचे पैसे आगाऊ, दोन वेळचं जेवण, रविवारी एकच वेळ पण काहीतरी गोडधोड. आगाऊ पैशांमुळे चालवणाऱ्या बाईंना महिन्याचं धान्य एकदम भरता येतं आणि रोज किती कणीक भिजवायची हे ठाऊक असतं. अशा ठिकाणी पासवाल्यांबरोबर एखादा परका येऊन बसला तर तो 'गेस्ट'. त्याचे पैसे थोडे जास्त, पण ताट तेच.

जर्मन विद्यापीठांच्या 'मेन्सा'मध्ये ही विभागणी तर छापूनच लावलेली असते: विद्यार्थ्यांचा एक दर, नोकरदारांचा दुसरा, पाहुण्यांचा तिसरा. पाहुण्याचा दर सगळ्यांत जास्त असूनही तो गावातल्या हॉटेलापेक्षा बहुतेक वेळा कमीच भरतो. काही मेन्सांत रोख पैसे चालत नाहीत, आधी कार्ड भरून घ्यावं लागतं. तेवढी चौकशी दारातल्या एखाद्या विद्यार्थ्याकडे केली की भागतं. बर्लिन, हायडेलबर्ग, म्युनिक अशा शहरांत फिरताना कितीतरी मराठी पालक आपल्या शिकणाऱ्या मुलांबरोबर अशा ठिकाणी जेवून आलेले आहेत. फक्त घरी परतल्यावर ते त्याबद्दल बोलत नाहीत. कॅन्टीनमध्ये जेवलो हे सांगायला माणसाला लाज वाटते.

मासवडी स्वस्त का नाही

जुन्नर-आंबेगावात येऊन काय खावं, असं विचारलं की पहिलं नाव मासवडीचं निघतं. ती शाकाहारी असते, हे मुंबईच्या पाहुण्याला दर वेळी सांगावं लागतं. आणि दर ऐकल्यावर तो हमखास विचारतो, 'बेसनाच्या वड्यांना इतके?'

स्वयंपाकघरात तासभर उभं राहिलं की या प्रश्नाचं उत्तर मिळतं. आधी सारण. सुकं खोबरं किसून भाजायचं, तीळ आणि खसखस वेगवेगळे भाजायचे, कांदा तेलावर लालसर करायचा, लसूण आणि कोथिंबीर घालायची, मग सगळं भरड वाटायचं. सारण कोरडं राहिलं तर वडी फुटते, ओलं झालं तर पाणी सुटतं. दुसऱ्या चुलीवर पाण्याला फोडणी देऊन तिखट-मीठ घालून उकळी आणायची आणि त्यात बेसन वैरत जायचं. एक हात पीठ सोडतो, दुसरा हाटत राहतो, गुठळी होता कामा नये. झाकण ठेवून वाफ आली की पिठल्याचा घट्ट गोळा ओल्या फडक्यावर काढायचा आणि पाण्यात हात बुडवत तो गरम असतानाच पातळ थापायचा. इथं घाई करावीच लागते, कारण गार झालेलं बेसन थापताना तडकतं. बोटांना चटके बसतात. सवयीच्या हाताला ते जाणवत नाहीत, की जाणवूनही बोलायचं नसतं, कोण जाणे. त्यावर सारण सारखं पसरायचं, फडक्याचं टोक उचलून गुंडाळी पुढे ढकलायची, वरून फडक्यासकट दाबून तिला कड आणायची. निवली की वड्या कापायच्या. मधोमध काळपट सारणाची रेघ आणि भोवती पिवळं बेसन असं सुरेख दिसलं की जमली.

अजून रस्सा बाकीच आहे. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटण, घरचा काळा मसाला, वर तेलाचा तवंग. वडी रश्शात घालून शिजवत नाहीत. ताटात घेताना वरून ओततात किंवा बुडवून खातात. सोबत बाजरीची भाकरी, कांदा, लिंबू.

म्हणजे साहित्य महाग नाही. महाग आहेत ते बायकांचे हात आणि त्यांचा वेळ. घरी मासवडी पाहुणे आले की होते, लेक माहेरी आली की होते, एरवी नाही. ती रोजच्या जेवणातली कधी नव्हतीच. अलीकडे महामार्गावरच्या आणि नारायणगाव-जुन्नरच्या हॉटेलांत 'मासवडी थाळी' अशा पाट्या लागल्या, पुण्याच्या भीमथडी जत्रेत बचत गटांच्या स्टॉलवर तिच्यासाठी रांगा लागल्या, आणि हा सणाचा पदार्थ पर्यटकांची ओळख बनला. एखाद्या गावाचा 'प्रसिद्ध पदार्थ' आणि त्या गावाचं रोजचं जेवण या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे पाकीट सांभाळणाऱ्या प्रवाशानं आधी ध्यानात घ्यावं. मार्सेची बुयाबेस ही मुळात कोळ्यांनी न खपलेल्या माशांची केलेली आमटी. आज बंदरावर तिचे दर ऐकून माणूस दचकतो, आणि कोळ्यांचा नातू पिझ्झा खातो. मासवडी एकदा जरूर खावी, मनापासून खावी. दुसऱ्या दिवशी मात्र पिठलं-भाकरी विचारावी. बेसन तेच, हिरव्या मिरचीचा ठेचा बरोबर येतो आणि बिल निम्म्यावर उतरतं.

रस्ता पुढे जातो तशी भाकरी बदलते

माळशेजपासून आणे पठारापर्यंत हा रस्ता एका दिवसात सहज होतो, पण त्या टप्प्यात पाऊस इतका झपाट्यानं कमी होत जातो की ताटही बदलतं. पश्चिमेला खिरेश्वर, मढ या बाजूला भातखाचरं. तिथं तांदळाची आणि नाचणीची भाकरी, वरईचा भात. आंबेगावच्या पश्चिम भागात, डिंभे धरणापलीकडे भीमाशंकरच्या वाटेवरही तेच. मध्ये ओतूर, जुन्नर, नारायणगाव हा कुकडी प्रकल्पाच्या पाण्यावरचा बागायती पट्टा. पिंपळगाव जोगा, माणिकडोह, वडज, येडगाव आणि डिंभे या पाच धरणांनी इथं कांदा, टोमॅटो, ऊस, द्राक्षं आणली. नारायणगावच्या द्राक्षांपासून १९८० च्या दशकात फ्रेंच पद्धतीची फेसाळ वाइन झाली आणि ती युरोपात विकलीही गेली. गावच्या खानावळीत मात्र ती कधी पोचली नाही, आणि पोचली असती तरी ठेच्यापुढे तिचा काय निभाव लागला असता! पूर्वेला बेल्हे, आणे म्हणजे कोरडवाहू. बाजरी, हुलगा, मटकी. शेंगोळे तिकडचेच.

हरिश्चंद्रगड चढणारे ट्रेकर खिरेश्वरला घरगुती जेवतात. तिथं हॉटेल असं नाही. आधी फोन करायचा, किती माणसं ते सांगायचं, दर माणशी ठरतो. घरच्या पडवीत पंगत बसते आणि पिठलं, भाकरी, भात, एखादी रानभाजी किंवा बटाट्याची भाजी वाढली जाते. 'आणखी काय आहे?' हा प्रश्न इथं गैरलागू. आयत्या वेळी आठाचे बारा झाले तर घरच्यांच्या वाटचं संपतं, एवढं शहरातल्या मुलांनी समजून घेतलं तरी पुष्कळ. इटलीच्या खेड्यांतल्या 'आग्रितुरिझ्मो'त, म्हणजे शेतघरी मिळणाऱ्या जेवणात, हाच शिरस्ता आहे: आधी सांगा, मग जे शिजलंय ते जेवा. तिथं त्यासाठी १९८५ साली स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे २०१८ साली जुन्नरला विशेष पर्यटन तालुक्याचा दर्जा मिळाला, पण पडवीतल्या पंगतीची व्यवस्था अजून ओळखीपाळखीवरच चालते.

ड्रायव्हर कुठं थांबतो

एसटीचा लांबचा प्रवास करणाऱ्या प्रत्येकाला थांब्यावरच्या हॉटेलाचा राग असतो. गाडी गावाबाहेरच्या एकट्या हॉटेलापुढे उभी राहते, दहा मिनिटं म्हणता म्हणता वीस होतात, आजूबाजूला दुसरं काही नसतं. ड्रायव्हर-कंडक्टर आत वेगळ्या टेबलावर जेवतात आणि त्यांना बिल येत नाही. ते कुणाच्या खिशातून जातं, हे वड्याच्या किमतीवरून कळतं. महामंडळानं अधिकृत थांब्यांवर ३० रुपयांत चहा आणि नाष्टा देण्याची योजना आणली, त्यात पोहे, उपमा, वडापाव असं काहीतरी येतं; पण गल्ल्यावर आपणहून कोणी सांगत नाही. मागावं लागतं, बरोबर तिकीट दाखवावं लागतं.

ट्रकवाल्यांचं तसं नसतं. ते स्वतःच्या पैशानं जेवतात आणि महिन्यातून आठ वेळा त्याच रस्त्यानं जातात. आळेफाट्याला पुणे-नाशिक आणि कल्याण-नगर हे दोन महामार्ग एकमेकांना छेदतात. रात्री तिथं ज्या ढाब्यापुढे मालवाहू गाड्यांची रांग असते तिथली डाळ सहसा फसत नाही. फ्रान्समध्ये तर ट्रकचालकांच्या पसंतीच्या हॉटेलांची 'ले रुतिए' नावाची मार्गदर्शिका १९३४ पासून निघते. दारावर लाल-निळी गोल पाटी दिसली की समजायचं, इथं ठरावीक दरात भरपेट जेवण मिळेल. महामार्गावरच्या कंपनी थांब्यांपेक्षा ही हॉटेलं जुन्या रस्त्यांवर, एखाद्या फाट्याआड सापडतात. जर्मनीतही ऑटोबानला चिकटलेल्या थांब्यावर खिसा रिकामा होतो. एक फाटा उतरून 'आउटोहोफ'ला गेलं की ट्रकवाले जेवताना दिसतात.

श्रावणात ओतूर, ऑगस्टमध्ये पॅरिस

श्रावणी सोमवारी कपर्दिकेश्वराची यात्रा भरते. गाभाऱ्यात कोरड्या तांदळाच्या पिंडी रचतात, त्या पाहायला दूरदूरचे लोक येतात. कुस्त्यांचा आखाडा होतो. त्याच महिन्यात माळशेजला धबधब्यांसाठी मुंबईकरांची झुंबड उडते. म्हणजे वर्षातली सगळ्यांत मोठी गर्दी नेमकी अशा वेळी येते, जेव्हा निम्मं गाव मटण-मासे सोडून बसलेलं असतं आणि सोमवारी तर उपासच. चुलीवरच्या मटणाची पाटी लावलेल्या हॉटेलात त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी, भगर आणि शेंगदाण्याची आमटी शिजते. मटणाची आस धरून आलेली मंडळी चडफडतात. यात्रेत गोडीशेव, रेवड्या, भेळ, भजी यांच्या पालांवर मात्र सगळ्यांचा निभाव लागतो, आणि भगर-आमटी ही काय चीज आहे हे कित्येकांना इथंच पहिल्यांदा कळतं.

पॅरिसचा ऑगस्टही असाच चकवतो. आपल्या शाळांच्या सुट्ट्यांचा मेळ नसला तरी कंपन्यांच्या रजा बघून बरेच जण तेव्हा जातात, आणि तेव्हाच पॅरिसकर स्वतः समुद्राकडे गेलेले असतात. वस्तीतली छोटी हॉटेलं दारावर हातानं लिहिलेली चिठ्ठी लावून तीन-चार आठवडे बंद. उघडी राहतात ती पर्यटकांवर चालणारी. अशा वेळी 'बुइयाँ' उपयोगी पडतात. १८५५ च्या सुमाराला दुवाल नावाच्या खाटकानं कामगारांसाठी मांसाचं सूप आणि उकडलेलं मांस स्वस्तात विकायला सुरुवात केली, त्यातून हा प्रकार वाढला. १८९६ साली निघालेलं 'बुइयाँ शार्तिए' अजून चालू आहे. परक्यांबरोबर टेबल वाटून घ्यावं लागतं आणि वेटर बिल टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितो.

पंगत आणि अनुदान

त्याच १८९६ साली वॉर्सात स्तानिस्वाव द्वुझेव्हस्की यांनी पहिला 'मिल्क बार' काढला. दूध, अंडी, मैदा यांचे साधे पदार्थ, मद्य नाही. पुढे कम्युनिस्ट राजवटीत हे बार देशभर पसरले आणि आजही त्यांतल्या अनेकांना सरकारी अनुदान मिळतं. रांगेत पेन्शनर, विद्यार्थी आणि पाठीवर सॅक घेतलेला परदेशी असे एकामागे एक उभे असतात. महाराष्ट्रानंही हा प्रयोग दोनदा केला. १९९५ साली एका रुपयात झुणका-भाकर आली; पुढे अनुदान थांबलं आणि कितीतरी केंद्रांचे वडापावचे गाडे झाले. २६ जानेवारी २०२० पासून शिवभोजन थाळी आली: दहा रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. ती गरजूंसाठी आहे, फिरायला आलेल्यानं तिथं रांग अडवू नये, हे वेगळं सांगायला नको.

सरकारशिवाय चालणारी पंगत पाहायची तर याच रस्त्यानं पुढे आणे गावी जावं. रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला तिथं आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. मोठाल्या कढयांत मसालेदार आमटी उकळते आणि भाकरी मात्र मांडवात थापत नाहीत; आसपासच्या गावांतल्या घराघरांतून त्या थापून येतात, गाड्या भरभरून. हजारो माणसं जमिनीवर बसून भाकरी कुस्करून आमटीत कालवतात. कुणी कोण, कुठला, हे विचारत नाही. अशा पंगतीत जेवणाऱ्यानं पुढच्या पंगतीला चार पत्रावळी वाढाव्यात, एवढीच अपेक्षा.

थेपल्यांची बॅग

मराठी टूर कंपन्यांच्या जाहिरातींत आयफेल टॉवरच्या जोडीला 'रोज भारतीय जेवण' हे आश्वासन असतंच. त्याला हसणं सोपं आहे. सत्तरीच्या आजोबांना मधुमेह असतो, आजी कांदा-लसूण खात नाहीत. त्यांच्यासाठी ल्युसर्नमध्ये मिळालेला वरणभात ही चैन नसून गरज असते. पण स्वतंत्र फिरणारी तिशीतली जोडपीही थेपले, चिवडा आणि झटपट उपम्याची पाकिटं यांनी अर्धी बॅग भरतात ती बचतीच्या नावाखाली. पहिल्या दोन दिवसांनंतर कंटाळा येतो, मग भूक लागेल तिथं, स्मारकाच्या दारातच, महागडं काहीतरी खाल्लं जातं. थेपले सकाळी खावेत. दुपारचे पैसे फळ्यावरच्या ताटाला ठेवावेत. रात्री सुपरमार्केटमधला पाव, चीज आणि फळं.

आणि बारीक अक्षरांकडे लक्ष असावं. इटलीत बिलावर माणशी 'कोपेर्तो' लागतो, म्हणजे पाव आणि मांडामांडीचे पैसे. तो भांडून निघत नाही, कार्डावर आधीच लिहिलेला असतो. तिथंच कॉफी उभ्यानं प्यायली तर एक दर, बसलं की दुसरा. पोर्तुगालमध्ये न मागता पाव, ऑलिव्ह, चीज समोर येतं. हात लावला तर पैसे, नको म्हणून परत केलं तर काही नाही. आपल्या ओतूरच्या खानावळीत बसल्याबरोबर तांब्याभर पाणी आणि चिरलेला कांदा येतो त्या सवयीनं माणूस तिथं फसतो. पाण्याचं तर देशोदेशी वेगळं. फ्रान्समध्ये जेवणाबरोबर नळाच्या पाण्याची सुरई मागितली तर ती फुकट द्यावीच लागते, स्पेननंही २०२२ साली तसा कायदा केला. जर्मनीत मात्र वेटर नळाचं पाणी दिलंच तर नाखुशीनं देतो, आणि बाटलीतलं मागितलं तर ते बिअरच्या भावात पडतं.